जुनी जीप उभी करायची तर आधी कागद, मग चेसिस आणि रंग सर्वांत शेवटी

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील जुन्या व्यापारी घरांच्या मागील अंगणात टिनाच्या शेडखाली उभी असलेली जुनी जीप ही काही नवलाची गोष्ट नाही. टायर बसलेले, बोनेटवर कोंबड्या, सीटखाली उंदरांची घरे. दरवर्षी पावसाळा संपला की घरातील एखादा तरुण म्हणतो, "ही उभी करू या." कबाडी येऊन वजनाचा भाव सांगून जातो. दोन्ही गोष्टी पुढच्या वर्षावर जातात आणि लोखंड मात्र थांबत नाही, ते गंजत राहते.

आमच्याकडेही अशीच एक होती. १९७२ ची नोंदणी असलेली महिंद्राची पेट्रोल जीप. मरहूम अब्बा तीत कापडाच्या गाठी घालून बाजार करीत. बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टीवरून वैनगंगा ओलांडून आलापल्ली, अहेरी, आणि रस्ता कोरडा असेल तर एटापल्लीपर्यंत. लुगडी, धोतरे, पंचे, टॉवेल, थोडे शर्टिंग. आम्ही पोरे गाठींवर बसून जात असू. १९९० च्या दशकात डिझेल गाड्या आल्या, पेट्रोलचा खर्च बाजाराच्या कमाईला खाऊ लागला आणि १९९६ पासून ती शेडमध्ये उभी राहिली. २०२३ मध्ये आम्ही ती घरीच दुरुस्त करायला घेतली. या कामात काही गोष्टी बरोबर झाल्या, काही महागात पडल्या. ज्यांच्या घरी अशी गाडी आहे आणि ज्यांच्या हातात हा हुन्नर आहे, अशा दोघांनाही उपयोगी पडेल म्हणून हे लिहीत आहे.

जीप आली कुठून?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सुमारे साडेसहा लाख जीप बनवल्या. युद्ध संपल्यावर लष्कराने टाकलेल्या अनेक गाड्या भारतात लोकांच्या हाती आल्या. त्याच सुमारास, १९४५ मध्ये, जे. सी. महिंद्रा, के. सी. महिंद्रा हे दोन भाऊ आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी पोलादाच्या व्यापारासाठी कंपनी काढली. तिचे नाव होते महिंद्रा अँड मोहम्मद. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल झाले, आणि इकडे १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा झाले. १९४० च्या दशकाच्या अखेरीस या कंपनीने मुंबईत माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू केली.

आपल्याकडे जुन्या शेडमध्ये सापडते ती बहुधा सीजे-३बी. विलीजने हे मॉडेल १९५३ मध्ये काढले आणि १९६८ मध्ये बंद केले, महिंद्राने मात्र भारतात ते पुढेही चालू ठेवले. बोनेट उंच दिसते त्याला कारण आहे. हिच्या २१९९ सीसीच्या 'हरिकेन' इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये आहेत, त्यामुळे इंजिन आधीच्या जीपपेक्षा उंच झाले आणि बोनेट वर उचलावे लागले. तीन गिअर, दुसरा गिअरबॉक्स चारही चाकांसाठी, चारही बाजूंना पाटे. आलापल्लीच्या सागवानी जंगलातला चिखल असो की नाल्याची वाळू, या गाडीने माल पोहोचवला. वन खाते, ठेकेदार, तेंदूपानांचे व्यापारी, कापडवाले, सर्वांची कामे तिने केली. पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटते, तिथे जीपचेही काही चालत नसे, ही गोष्ट वेगळी.

मोडतोड करून नवीन बनवावी का?

तरुणांचा आग्रह असतो की जुन्या चेसिसवर काहीतरी वेगळेच उभारावे. ही कल्पना अमेरिकेची आहे. तिकडे १९६४ मध्ये ब्रूस मेयर्स नावाच्या नाव बनवणाऱ्या कारागिराने कॅलिफोर्नियात फोक्सवॅगन बीटलचे सुटे भाग घेऊन त्यावर फायबरचा हलका सांगाडा बसवला आणि वाळूत पळणारी 'मेयर्स मँक्स' ही बग्गी तयार केली. पुढे तो बीटलचे चेसिस कापून आखूड करण्याचे साहित्य लोकांना विकू लागला. गाडी गाजली. पण ज्याने त्याने तिची नक्कल काढली, मेयर्स कोर्टात गेला, कोर्टाने त्याचे पेटंट मान्य केले नाही आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस त्याने कंपनी सोडली व ती बंद पडली. माल उत्तम आणि नक्कल सोपी असेल तर काय होते, हे आम्हा कापडवाल्यांना कोणी वेगळे सांगायला नको.

आपल्याकडे मात्र प्रश्न नकलेचा नाही, कायद्याचा आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ सांगते की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणी पुस्तकातील माहिती जुळणार नाही असा बदल मालकाने गाडीत करू नये. ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केले. रंग बदलणे किंवा किरकोळ जोडणी चालते, पण चेसिस आखूड करणे, सांगाडा बदलणे हे त्यात बसत नाही. इंजिन बदलायचे असेल तर आधी नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी लागते. वाळूतली बग्गी म्हणजे मुळातच बदललेली गाडी. ती अंगणात फिरेल, रस्त्यावर आली की तिचा कागद उरत नाही आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. म्हणून जीप जशी होती तशीच उभी करणे, हाच आपल्यासाठी शहाणपणाचा सौदा आहे.

कागदाची बाजू

आम्ही चूक केली ती इथेच. उत्साहात आधी पाना हातात घेतला, फाइल नंतर उघडली.

नोंदणी पुस्तक अब्बांच्या नावावर होते. अब्बा २००४ मध्ये गेले. मालक वारला की वारसाने नोंदणी कार्यालयाला तीस दिवसांत कळवायचे आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून गाडी नावावर करून घ्यायची, असा नियम आहे. आम्ही एकोणीस वर्षे काहीच केले नव्हते. आता विचार करा. गाडी कबाडाच्या भावाची असते तेव्हा तिच्याकडे कोणी पाहत नाही. मी तिच्यावर पैसे लावले, ती चकचकीत झाली, तिला चांगला भाव येऊ लागला, तर ती कोणाची? ती तरक्यातील मालमत्ता आहे. त्यात माझ्याबरोबर धाकट्या भावाचा आणि दोन्ही आपांचा हिस्सा आहे. दुकान आणि घर यांची वाटणी करताना आम्ही जीप मोजलीच नव्हती, कारण ती भंगार होती.

मी दोन्ही आपांकडे गेलो. मोठ्या आपा म्हणाल्या, "भाई, कागदावर लिही. आज आपण चौघे आहोत, उद्या आपली मुले असतील." मग चौघांनी बसून त्या दिवशीची भंगाराची किंमत ठरवली, प्रत्येकाचा हिस्सा काढला, मी तो चुकता केला आणि सर्वांच्या सह्या घेतल्या. रक्कम लहान होती. पण हेच काम गाडी तयार झाल्यावर करायचे ठरले असते तर ते इतके सोपे राहिले नसते, हे मी आमच्याच व्यवसायातील दोन घरांत पाहिले आहे. बहिणींना विचारायची गरज नाही असे समजणारे भाऊ आपल्यात कमी नाहीत.

त्यानंतर नूतनीकरण. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे पाच-पाच वर्षांनी तपासणी करून वाढवावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून जुन्या हलक्या मोटारींच्या नूतनीकरणाची फी ५,००० रुपये झाली आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने २० वर्षांवरील गाडीसाठी ती १०,००० रुपये केली. उशीर झाला तर महिन्याला ५०० रुपये जादा आकारण्याची तरतूद आहे. त्याशिवाय राज्याचा पर्यावरण कर, विमा, धुराचे प्रमाणपत्र. एकूण आकडा कार्यालयातून लेखी काढून घ्यावा आणि मगच पाना उचलावा. आपल्याकडे चंद्रपूरचे एमएच-३४ आणि गडचिरोलीचे एमएच-३३, ज्या कार्यालयात नोंद असेल तिथूनच सुरुवात करावी.

दुसरा रस्ता 'व्हिंटेज' नोंदणीचा. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये यासाठी वेगळे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेली आणि मूळ रूपात ठेवलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात येते. चेसिस, सांगाडा आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, पुढचे नूतनीकरण ५,००० रुपये. ऐकायला छान आहे. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती, एवढेच. ज्या जीपने तीस-तीस गाठी वाहिल्या तिला आम्ही शोभेची वस्तू करायला तयार नव्हतो, म्हणून साध्या नूतनीकरणाचा रस्ता घेतला. ज्यांना फक्त जपायची आहे त्यांनी व्हिंटेजचा हिशेब करून पाहावा.

आणखी एक सावधगिरी. आपल्या भागात सरकारी कार्यालयांच्या लिलावातून जुनी जीप घेण्याची जुनी रीत आहे. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षे पूर्ण झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी संपुष्टात येते आणि त्या अधिकृत भंगार केंद्रातच मोडीत काढायच्या असतात. तेव्हा "सरकारी जीप आहे, स्वस्तात देतो" असे कोणी म्हणाले तर आधी नोंदणी चालू आहे का ते पाहावे. मी स्वतः २००९ मध्ये एका लिलावातली जीप तिसऱ्या हाताने घेतली होती. पुस्तक "आठ दिवसांत येते" असे सांगितले गेले, ते आजतागायत आले नाही. ती गाडी शेवटी किलोवर गेली.

चेसिस नंबर म्हणजे गाडीची ओळख

इंजिन बदलता येते, पत्रा बदलता येतो. चेसिसवर कोरलेला नंबर गेला की गाडी गेली. तपासणीच्या वेळी त्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासतात आणि छाप घेतात. तो छाप पुस्तकातील नंबराशी जुळला पाहिजे. म्हणून पहिल्या दिवशी रॉकेलने हळूहळू साफ करून, तारेचा ब्रशसुद्धा जपून वापरून, नंबर वाचावा, स्वतः छाप घ्यावा, फोटो काढावा आणि त्यावर ग्रीस लावून चिकटपट्टी मारावी.

आमच्याकडे रंगाऱ्याने उलटे केले. मी दुकानावर होतो, त्याने सगळ्या चेसिसला एकजात लांबी भरून रेड ऑक्साइड मारले. नंबर दिसेना. घाबरून ग्राइंडर मागवणार होतो, तेवढ्यात आमच्या जुन्या मिस्त्रींनी हात धरला. ग्राइंडर फिरला असता तर शेवटचे दोन आकडे उडाले असते. मग थिनर आणि लाकडी पट्टीने दोन दिवस ते खरवडत बसलो. नंबर निघाला. त्या दोन दिवसांत माझी झोप उडाली होती.

नंबर सुरक्षित झाला की चेसिस सरळ आहे का ते पाहायचे. यंत्र लागत नाही. सपाट फरशीवर गाडी घोड्यांवर ठेवून, चारही कोपऱ्यांतून ओळंबा सोडून खाली खडूच्या खुणा कराव्यात आणि दोरीने दोन्ही कर्ण मोजावेत. चादर चौरस कापली आहे का हे आपण दोन टोके जुळवून पाहतो, तसेच हे. पाट्यांच्या कडीजवळ आणि पुढच्या आडव्या तुकड्याजवळ तडे असतात. तड्यावर नुसते वेल्डिंग ओढू नये, वरून पट्टी घालावी, आणि पट्टीची शिवण चेसिसला सरळ आडवी जाऊ नये. पट्टी पतंगाच्या आकाराची कापली की ताण विभागला जातो. सरळ शिवणीवर चेसिस पुन्हा तिथेच तुटते.

पत्र्याचा गंज वरून दिसतो त्यापेक्षा खाली जास्त असतो. फरशीखालच्या आडव्या पोकळ पट्ट्यांत जंगलातली माती साचून राहते, ती वर्षानुवर्षे ओल धरते. उजव्या सीटखाली, म्हणजे चालकाच्या खाली, पेट्रोलची टाकी असते. वेल्डिंगला हात लावण्याआधी ही टाकी काढून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला न्यावी. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते, कारण तिच्यात वाफ असते.

ब्रेक, हँडब्रेक आणि घरच्या शेडमधला धोका

या जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि एकच मास्टर सिलिंडर, तोही पायाखाली फरशीच्या खाली. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. ब्रेकचे तेल हवेतले पाणी ओढते, त्यामुळे उभ्या गाडीचे सिलिंडर आतून खड्डे पडून खराब होतात. रबर, नळ्या, सिलिंडर, काहीही जुने ठेवू नये. इथे काटकसर करणाऱ्याने गाडी काढूच नये.

हँडब्रेक चाकांवर नाही, मागच्या शाफ्टवर आहे. याचा अर्थ असा की मागचे एक चाक जॅकवर उचलले की हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकू शकते, कारण उचललेले चाक डिफ्रन्शलमधून मोकळे फिरते. घरच्या शेडमध्ये काम करणाऱ्या मुलांना हे आधी सांगावे. चाकांखाली लाकडी ओंडके, आणि जॅकवरच्या गाडीखाली कोणीही शिरू नये, लोखंडी घोडी लावल्याशिवाय तर नाहीच.

इंजिन

वर्षानुवर्षे उभे राहिलेले इंजिन टोचन देऊन चालू करण्याचा मोह होतो. तो आवरावा. प्लग काढून चारही सिलिंडरांत थोडे तेल ओतावे, चार-आठ दिवस तसेच ठेवावे आणि मग पुढून हँडल लावून हाताने हळू फिरवावे. फिरले तर नशीब, नाही फिरले तर हेड उघडावे. आमचे पाचव्या दिवशी फिरले. तरीही खालचा चेंबर काढून पाहिला, तर तळाशी काळ्या डांबरासारखा थर. तो न काढता इंजिन चालू केले असते तर बेअरिंग गेले असते. रेडिएटर जुना, तांब्याचा, डाग देणारा कारागीर अजून मिळतो तोवर नवीन घेऊ नये. प्लगच्या तारा १-३-४-२ या क्रमाने.

आता एक नवीन गोष्ट आहे जी अब्बांच्या काळात नव्हती. पंपावरील पेट्रोलमध्ये २०२५ पर्यंत २० टक्के इथेनॉल आले आहे. इथेनॉल पाणी ओढते, जुने रबर आणि डायफ्राम मऊ करते आणि टाकीतला जुना गंज सोडवून कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये नेऊन बसवते. म्हणून टाकी आतून साफ करणे, पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या आणि पंपाचा डायफ्राम इथेनॉल सहन करणाऱ्या मालाचे घालणे, मध्ये एक फिल्टर बसवणे, आणि पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर पेट्रोल काढून ठेवणे, एवढे करावे.

पान्यांबद्दल एक शब्द. ही गाडी इंचाच्या मापाची आहे. मिलिमीटरचा पाना जवळपास बसतो आणि नटाचे कोपरे खाऊन टाकतो. जुने मिस्त्री इंचाचा आठवा भाग 'सूत' म्हणतात. चार सूत म्हणजे अर्धा इंच. मी आयुष्यभर सूत विकले, पण हे सूत मला साठीच्या जवळ आल्यावर कळले.

सुट्या भागांसाठी नागपूरचा कबाडी बाजार, मुंबईचा चोर बाजार, दिल्लीचे मायापुरी. हरियाणातील मंडी डबवालीला जुन्या जीप बांधण्याचा मोठा धंदा आहे. माल मिळतो, फक्त कोणताही मोठा भाग, विशेषतः इंजिन, बिलाशिवाय घेऊ नये. बिल नसलेल्या इंजिनाचा नंबर उद्या कोणत्या चोरीच्या गाडीचा निघेल हे सांगता येत नाही.

हूड: हे आमच्या धंद्यातले

जीपच्या हूडबद्दल मात्र मी अधिकाराने बोलू शकतो. बहुतेक लोक रेक्झिन किंवा प्लास्टिकची ताडपत्री लावतात. ती पाणी अडवते पण खालची वाफही अडवते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत इतकी ओल असते की रेक्झिनखाली कमानींच्या लोखंडावर थेंब जमतात आणि गंज पुन्हा सुरू होतो. मूळ हूड सुती कॅनव्हासचे असे. घट्ट विणीचे, दुहेरी धाग्याचे. त्याचा गुण हा की भिजले की धागा फुगतो आणि विणीतली भोके स्वतःच बंद होतात, सुकले की हवा खेळते.

पण सुती कॅनव्हास आटते. ताणा बाण्यापेक्षा जास्त आटतो. जो शिंपी ठाणातून थेट माप घेऊन कापतो त्याचे हूड पहिल्या पावसात दोन-तीन बोटे आखूड होते आणि मागच्या कड्यांपर्यंत पोहोचत नाही. म्हणून कापड आधी एक रात्र पाण्यात बुडवावे, सावलीत सुकवावे, पुन्हा एकदा भिजवून सुकवावे आणि मग कमानींवर टाकून खडूने माप घ्यावे. लांबी छतावर ताण्याच्या दिशेने ठेवावी. शिवण दुमडलेली, जीनपँटच्या आतल्या बाजूसारखी, दुहेरी टाक्यांची. धागा निव्वळ पॉलिएस्टरचा नको. आत पॉलिएस्टर आणि वर सुताचे वेष्टण असलेला धागा मिळतो, तो भिजल्यावर फुगून सुईचे भोक भरून काढतो. नंतर पॅराफिन मेण पातळ करून बाहेरून हात फिरवावा, शिवणींवर दोनदा. मेण आगीजवळ वितळवू नये, भांडे गरम पाण्यात ठेवावे. आणि ओले हूड घडी करून ठेवू नये, काळे डाग पडतात ते कशानेच जात नाहीत.

पूर्वी दुकानांच्या ताडपत्र्या आणि बैलगाडीच्या छतांचे काम करणारे शिंपी आपल्याकडे होते. तयार प्लास्टिक आले आणि त्यांचे काम गेले. ज्या घरात अजून जड मशीन असेल त्यांनी हे काम हातचे सोडू नये. हूड, सीट, दारांचे पडदे, हे मिळून एका जीपमागे आठवड्याचे काम निघते, आणि ते शिवणारा माणूस शोधायला मला नागपूरपर्यंत जावे लागले.

रंग

रंग शेवटी आणि योग्य ऋतूत. एप्रिल-मेमध्ये चंद्रपूरचा पारा ४६-४७ अंशांवर जातो, तेव्हा फवाऱ्यातला रंग पत्र्यावर पोहोचण्याआधीच सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. पावसाळ्यात ओलीमुळे रंगाला पांढुरकी झाक येते. कोळशाच्या खाणी आणि औष्णिक वीज केंद्र जवळ असल्याने हवेत बारीक राखही असते. दिवाळीनंतर, सकाळच्या वेळी, जमिनीवर पाणी शिंपडून आणि शेडला चारही बाजूंनी जुन्या चादरी बांधून रंग मारावा. रंग बदलणार असाल तर पुस्तकात नोंद करून घ्यावी. लांबी कमीत कमी. जाड लांबी म्हणजे झाकलेला गंज, तो दोन पावसाळ्यांत फुगून वर येतो.

हे कारागीरांसाठी. जुन्या गाडीचे काम ठेक्याने घेतले की नुकसान होते, कारण उघडल्याशिवाय आत काय आहे हे कोणालाच कळत नाही. ते रोजावर घ्यावे, आठवड्याला हिशेब द्यावा, काढलेला प्रत्येक जुना भाग पोत्यात भरून मालकाला दाखवावा आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो ठेवावा. चेसिसला कुठे पट्टी मारली, कोणता पत्रा नवीन आहे, हे कागदावर लिहून द्यावे. गाडी उद्या विकली गेली तर घेणाऱ्याला ऐब सांगणे विकणाऱ्यावर बंधनकारक आहे, आणि तो कागद असला की सांगणे सोपे जाते. अशी फाइल असलेल्या गाडीला भाव जास्त येतो, हेही खरे.

आमची जीप २०२५ च्या जानेवारीत तपासणीला गेली. नंबराचा छाप जुळला. पहिल्या खेपेला मी तिला आलापल्लीला नेली, भाऊ शेजारी बसला होता आणि मागे दोनच गाठी होत्या. आष्टीच्या पुलाआधी थांबून चारही चाकांचे ड्रम हाताने तपासले. मागचे डावे इतरांपेक्षा गरम होते. मिस्त्रींनी फोनवर सांगितले की लायनर घासतोय, दोन खाचा मागे फिरवा. तेवढे केले आणि पुढे निघालो.